बसून केलेलं निरीक्षण

कवळीबाईला निसर्गाचं वावडं नव्हतं. फक्त तो संडासापासून आठ पावलांच्या आत असावा, एवढंच तिचं म्हणणं होतं.

आठ पावलं हा आकडा तिच्या कामाच्या जागेवरून आलेला, टेबलापासून संडास तेवढाच लांब. दातांच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं ती कवळ्या बनवत होती. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचे ठसे पाठवायचे. ही त्यात प्लास्टर ओतायची, मेणात एकेक दात बसवायची, घासायची, चकचकीत करून डबीत भरायची. रस्त्यात कुणी भेटलं तर तिला आधी जबडा ओळखू यायचा आणि मग माणूस. तिला एक नवरा होता. तो आता दुसऱ्या एका बाईचा आहे, पण त्याच्या तोंडातली कवळी अजून हिच्याच हातची आहे, आणि ती बसतेही उत्तम. म्हणून सगळे तिला कवळीबाई म्हणत. थोरली बहीणसुद्धा रागावली की तेच म्हणे.

त्या थोरल्या बहिणीच्या डोळ्याचं, म्हणजे ताईच्या मोतीबिंदूचं, ऑपरेशन झालं आणि कवळीबाईच्या मागे नदी लागली.

"रविवारी तू ह्यांच्याबरोबर जा," ताईने फोनवर सांगितलं. "मला दीड महिना वाकायचं नाही, धुळीत जायचं नाही."

"मी कशाला? भावजी काय लहान आहेत?"

"एकटे गेले की जेवत नाहीत. आणि येताना कुणाशी तरी भांडून येतात."

"तू असताना भांडत नाहीत?"

"माझ्याशी भांडतात. तेवढं बाकीच्यांचं वाचतं."

भावजी वजनमापे निरीक्षक होते. तेहतीस वर्षं त्यांनी दुकानदारांच्या तराजूंवर संशय घेतला. निवृत्त झाल्यावर संशय घ्यायला कुणी उरलं नाही, तेव्हा ते निसर्गाकडे वळले. गावाबाहेर नदीचा एक लांबलचक पट्टा वनखात्याने राखून ठेवला होता. दोन्ही काठांवर लव्हाळी, वाळुंजाची झाडं, मधे बेटं, आणि डाव्या काठाने एक आखलेली पायवाट. भावजी तिथे दर रविवारी एक छोटा गट घेऊन जात. गेली सहा वर्षं ते एकाच प्राण्याच्या मागावर होते. पाणमांजर. नऊ वर्षांपूर्वी डाव्या काठावर ते शेवटचं दिसल्याची नोंद होती. भावजींना ते एकदाही दिसलं नव्हतं. त्यांना दिसली होती ती फक्त पाणमांजराची शी. तिला ते 'विष्ठा' म्हणत आणि चिमट्याने उचलून काचेच्या बाटलीत ठेवत. ताईच्या फ्रिजमध्ये त्यासाठी एक कप्पा राखीव होता. ताई त्या फ्रिजमध्ये दही ठेवत नसे.

तर रविवारी सकाळी साडेसहाला कवळीबाई फाटकावर हजर झाली. अंगावर ताईची नाडीवाली जाड विजार, तिच्यावर स्वेटर, त्यावर कोट. भावजींच्या जाकिटाला चौदा खिसे होते आणि चौदाही फुगलेले. गटात आणखी तिघं होती. एक फोटोवाला, ज्याची लेन्स त्याच्या दंडापेक्षा जाड होती, आणि एकसारख्या टोप्या घातलेलं एक जोडपं. ती दोघं इतकी कमी बोलत की त्यांचं भांडण झालंय की त्यांचं उत्तम चाललंय हे कळायला मार्ग नव्हता.

फाटकावरची वनरक्षक पंचेचाळिशीची बाई होती. पायात गमबूट आणि चेहऱ्यावर कशाचंही आश्चर्य वाटायचं बंद झाल्याचा भाव. तिच्या मागे अकरा नियमांचा फलक होता. चौथा नियम: पायवाट सोडून जाऊ नये.

"आत संडास कुठे आहे?" कवळीबाईने विचारलं.

"हा इथे फाटकाजवळ आहे तो."

"आणि आत?"

"आत नदी आहे."

हे तिने उपहासाने नाही, माहिती म्हणून सांगितलं. मग जरा आवाज खाली आणून म्हणाली, "चार वर्षं झाली, मी दर वर्षी अर्ज करते. निरीक्षण-कोठडीजवळ एक तरी बांधा म्हणून. राखीव क्षेत्रात बांधकामाला परवानगी नाही असं उत्तर येतं."

"मग पुरुष काय करतात?"

"पुरुषांना झाडं आहेत. नियमात तेही बसत नाही. पण पुरुष फलक वाचत नाहीत."

कवळीबाई खबरदारी म्हणून फाटकाजवळच्या संडासात जाऊन आली. पाच मिनिटांनी पुन्हा जाऊन आली. भावजींनी घड्याळ पाहिलं.

निघण्यापूर्वी त्यांनी सगळ्यांना खुणा शिकवल्या. आत बोलायचं नाही. मूठ वळली म्हणजे प्राणी. दोन बोटं म्हणजे पक्षी. मूठ खाली नेली म्हणजे पाण्याजवळ. बोट ज्या दिशेला, त्या दिशेला. "तुझ्या ताईला हे पाठ आहे," ते म्हणाले. ताईला ते पाठ होतं याबद्दल कवळीबाईला शंका नव्हती. ताई घरी भांडताना तेच वापरायची.

पहिला तास बरा गेला. खरं सांगायचं तर बराच बरा गेला. धुकं पाण्यावरून असं सरकत होतं की जणू कुणी टेबलावरचं कापड हळूच ओढून घेतंय. एका काटकीवर खंड्या बसला होता, निळा, आपल्याच निळेपणावर खूश. पाणकावळे पंख पसरून उभे होते, धुऊन वाळत घातलेल्या कोटांसारखे. एक करडा बगळा गुडघाभर पाण्यात इतका निश्चल होता की कवळीबाईला लॅबच्या मालकाची आठवण झाली. तोही असाच तासन् तास उभा राहायचा आणि मग एकदम कुणाला तरी टोचायचा.

पण थंडी होती. भावजींच्या थर्मासमध्ये चहा होता. करायला दुसरं काही नव्हतं आणि बोलायची बंदी होती. कवळीबाईने तीन कप घेतले.

निरीक्षण-कोठडी म्हणजे खांबांवर उभी केलेली लाकडी खोली. आत एक बाक, समोर पाण्याच्या बाजूला आडव्या फटी. तिथे दीड तास गप्प बसायचं होतं. पंचेचाळीस मिनिटांनी चहाने आपलं अस्तित्व जाणवून दिलं. पंचावन्न मिनिटांनी तो मुद्द्यावर आला. कवळीबाईने आधी पायावर पाय टाकला, मग उलटा टाकला, मग जबड्यांची उजळणी केली. वरचे चौदा, खालचे चौदा. उपयोग झाला नाही. समोर नदी वाहत होती, आणि तिचं ते झुळझुळ वाहणं त्या क्षणी कवळीबाईला निव्वळ दुष्टपणाचं वाटलं.

शेवटी तिने भावजींच्या खांद्याला बोट लावलं. ते वळले. बोलायचं नव्हतं, म्हणून तिने खुणेने सांगायचं ठरवलं. पोटाशी मूठ धरली, मूठ खाली नेली, आणि डावीकडे बोट दाखवलं, म्हणजे त्या बाजूला कुठेतरी जाऊ का.

भावजींचा चेहरा उजळला. तसा चेहरा तिने त्यांच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्यांनी मूठ उंचावली, खाली नेली, डावीकडे बोट केलं. तीन दुर्बिणी आणि ती लेन्स एकदम डावीकडे फिरली. फोटोवाल्याने डावीकडच्या लव्हाळ्यांचे चाळीस फोटो काढले. टोपीवाल्याने बायकोचा हात धरला. त्यांचं उत्तम चाललं होतं म्हणायचं.

कवळीबाई भावजींच्या कानाशी वाकली. "भावजी, मला जायचंय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे?"

त्यांना उलगडा झाला. किलोच्या मापात पन्नास ग्रॅम कमी सापडल्यावर ते दुकानदाराकडे ज्या नजरेने बघत असतील, तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग घड्याळ दाखवलं. पस्तीस मिनिटं. फाटकापर्यंत परत जायला त्यावर आणखी एक तास.

कवळीबाई उठली आणि जिन्याने खाली उतरली. सत्तावन्न वर्षांच्या बाईने कुणाची परवानगी मागावी अशा गोष्टी जगात फार थोड्या आहेत, आणि ही त्यांतली नव्हती.

पायवाटेच्या कडेने गुडघाभर उंचीची दोरी बांधलेली होती. तिने मागे पाहिलं, पुढे पाहिलं, मनातल्या मनात चौथ्या नियमाची माफी मागितली आणि दोरी ओलांडून पलीकडे गेली. उतारावर एक वाळुंज आडवा पडला होता. त्याच्या मागे, लव्हाळ्यांच्या आडोशाला, पाण्यापासून थोड्या अंतरावर हातरुमालाएवढी कोरडी जागा होती. कोट, स्वेटर आणि गारठलेल्या बोटांनी सोडायची ताईची नाडी, या लढाईचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांनी ती लढली आहे त्यांना माहीत आहे. बाकीच्यांना कळणार नाही. शेवटी ती बसली, आणि तिचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात समोर कुणीतरी कडक टोस्ट खात असल्यासारखा आवाज आला.

तिने मान वर केली. सात हातांवर पाण्यात एक चपटा दगड होता आणि त्यावर एक ओलं, तपकिरी, लांबट जनावर बसलं होतं. आधी तिला वाटलं कुत्रं. मग वाटलं फार मोठा उंदीर. मग त्याने तोंड वळवलं आणि त्या जाड मिशा आणि तो चपटा, निवृत्त अधिकाऱ्यासारखा चेहरा पाहून तिला कळलं. भावजींच्या घरातल्या सगळ्या भिंतींवर याचीच चित्रं होती.

पाणमांजराने दोन्ही पंजांत मासा धरला होता आणि डोक्याकडून खायला घेतला होता. शेजारी दोन पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून पडत होती. म्हणजे ती आई होती. चावताना ती तोंड पूर्ण उघडत होती, आणि कवळीबाईने, एकतीस वर्षांची सवय, आधी दात पाहिले. पटाशीचे सहाही शाबूत. दाढा भक्कम, कडांना जरा झिजलेल्या. खालचा डावा सुळा मात्र अर्ध्यात तुटलेला, तिरका. त्यामुळे ती मासा उजवीकडूनच चावत होती. टोपी बसवता येईल, कवळीबाईच्या मनात आलं, जागा चांगली आहे.

मग आईने तिला पाहिलं.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. कवळीबाई हलली नाही. यात संयमाचा काही भाग नव्हता. तिचे गुडघे धरले होते आणि हलायचं म्हटलं तरी हलता येत नव्हतं. आईने नाक वर करून हवेचा वास घेतला. मग ती दगडावरून उतरली आणि काठाने पुढे आली. सहा हात, पाच, तीन. ओल्या मिशा थरथरत होत्या. ही कोण आपल्या हद्दीत येऊन खूण करून ठेवते आहे, असा तिचा प्रश्न असावा, आणि प्रश्न रास्त होता. तिने नीट वास घेतला. विचार केला. मग ती पाठ करून वळली, शेपटी उचलली, आणि आपलंही म्हणणं तिथेच मांडलं.

त्यानंतर पुन्हा एकदा वळून तिने कवळीबाईकडे पाहिलं. चांगलं सावकाश. कवळीबाईच्या लक्षात आलं की इतका वेळ, काही मागायचं नसताना, तिच्याकडे कुणी बघितल्याला फार दिवस झाले. तिला हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. दोन्हीतलं काहीच पुसायला हात मोकळा नव्हता.

आई पाण्यात गेली, आवाजही न करता. पिल्लं तिच्यामागे धपाधप पडली. पाण्यावर बुडबुड्यांची एक रेघ लांब जाऊन मिटली.

कवळीबाईने लव्हाळं धरून उठायचा प्रयत्न केला. लव्हाळं हातात आलं आणि ती चिखलात बसली, या वेळी संपूर्ण.

ती परत पायवाटेवर आली तेव्हा गट कोठडीतून उतरला होता आणि भावजी एका दगडाशी उकिडवे बसून चिमट्याने काहीतरी दाखवत होते.

"ही विष्ठा बारा ते पंधरा दिवसांपूर्वीची," ते सांगत होते. "खवले कोरडे पडलेत. एखादं वाटचुकलं जनावर असावं. इथे वस्ती नाही."

शेवटचे तीन शब्द त्यांनी जरा घाईने उच्चारले. कवळीबाई मागेच उभी राहिली. टोपीवाल्या बाईने तिच्या विजारीकडे एकदा पाहिलं आणि परतीच्या वाटेवर ती सगळा वेळ बरोबर तिच्या पाठीमागून चालत राहिली. जगातल्या काही चांगल्या बायका अशा टोपीखाली असतात.

फाटकावर नोंदवही होती. भावजींनी पक्ष्यांची नावं लिहिली, मग शेवटच्या ओळीत लिहिलं: पाणमांजर, नाही. ते बाकावर जाऊन बसल्यावर कवळीबाईने सहज मागची पानं उलटली. पाणमांजर, नाही. पाणमांजर, नाही. प्रत्येक रविवारी तेच अक्षर, प्रत्येक 'नाही' सारख्याच निगुतीने लिहिलेलं. एका पानावर पाणी पडून शाई पसरली होती, पण त्याही रविवारी ते आले होते.

वनरक्षक भावजींना म्हणाली, "काका, तुम्हाला सांगायचं राहिलं. पुढच्या महिन्यापासून डाव्या काठाने मोटारबोटी सुरू होतायत. कोठडीच्या खाली धक्का बांधणार आहेत. नऊ वर्षांत पाणमांजर दिसल्याची नोंद नाही, म्हणून मंजुरी मिळाली."

"बांधकामाला परवानगी नसते ना?" कवळीबाईने विचारलं.

"संडासाला नसते," वनरक्षक म्हणाली.

भावजी आता भांडतील म्हणून कवळीबाई वाट बघत राहिली. एवढं भांडण्याजोगं कारण त्यांना सहा वर्षांत मिळालं नसेल. पण ते दुर्बिणीची काच पुसत बसले. ती पुसून झाली तरी पुसत राहिले. हे मात्र तिला बघवेना.

तिने वनरक्षकाला संडासाच्या बाजूला बोलावलं आणि सगळं सांगितलं. वनरक्षक मधे एकदाही हसली नाही. खोलीत जाऊन एक छापील फॉर्म घेऊन आली.

"पायवाट सोडल्याबद्दल मी तुम्हाला ताकीद देते," ती म्हणाली. "दिली. आता ठिकाण?"

"आडव्या पडलेल्या वाळुंजामागे."

"अंतर?"

"सात हात. नंतर तीन."

वनरक्षकाने वर पाहिलं आणि लिहिलं. "सुरुवात किती वाजता?"

"मॅडम, सुरुवात करताना मी घड्याळ पाहिलं नाही."

"निरीक्षणाची सुरुवात विचारतेय."

"साडेनऊच्या आसपास."

"निरीक्षकाची अवस्था. उभे, चालताना, नावेतून, की बसून?"

"बसून," कवळीबाई म्हणाली.

"प्राण्याचं वर्तन?"

तिने सांगितलं. वनरक्षकाने 'हद्दीची खूण' असं लिहिलं.

"आणि माझं?"

"त्याला रकाना नाही. आता एकच अडचण आहे. खाली नोंदणीकृत गटप्रमुखाची सही लागते."

गटप्रमुख बाकावर बसून उकडलेलं अंडं सोलत होते. कवळीबाई शेजारी बसली. चिखल वाळून कडक झाला होता, त्यामुळे बसताना आवाज आला.

"भावजी, मला एक सांगायचंय. रागवायचं नाही."

"मी कधी रागावतो?"

तिने नुसता फॉर्म पुढे केला. त्यांनी तो वाचला. मग खिशातून चष्मा काढला आणि पुन्हा वाचला. अंडं हातातच राहिलं.

"मुंगूस असेल," ते म्हणाले.

"पाण्यात होतं."

"लोकांना पाण्यात काहीही दिसतं. शेपूट कशी होती?"

"मुळाशी जाड, टोकाला निमुळती. पण भावजी, मी शेपूट नीट पाहिली नाही. मी दात पाहिले." आणि तिने दात सांगितले. पटाशीचे किती, दाढा कशा, झीज कुठे. खालचा डावा सुळा अर्ध्यात तुटलेला, म्हणून ती उजवीकडून चावते. "तुमच्या बाटल्यांमधल्या खवल्यांवर एकाच बाजूच्या दातांच्या खुणा असतील बघा."

खुणा तशाच होत्या. त्यांनी त्या मोजून वहीत लिहिल्या होत्या आणि कारण मात्र सापडलं नव्हतं.

"पिल्लं?"

"दोन."

"दोन," ते म्हणाले. मग एकदम उसळून म्हणाले, "सहा वर्षं. सहा वर्षं मी साबण लावून आंघोळ करत नाही रविवारी, त्याला वास लागू नये म्हणून. डोक्यावर लव्हाळी बांधून बसलोय. श्वास मोजून घेतलाय. आणि तू पहिल्याच दिवशी, हे असं..." त्यांनी फॉर्म हवेत हलवला. "तू नेमकं काय केलंस?"

"तुम्हाला माहीत आहे काय केलं ते."

"ते सोडून."

"काही नाही. हलले नाही."

"का हलली नाहीस?"

"गुडघे धरले होते."

त्यांनी अंडं बाकावर ठेवलं. त्यांचा चेहरा आधी पडला, मग त्यावर काहीतरी थरथरलं, आणि कवळीबाईला वाटलं आता हे रडतात की काय. पण ते हसू होतं. खूप दिवस बंद असलेलं दार उघडावं तसं ते करकरत, अडखळत आलं. ते हसता हसता वाकले आणि चौदाही खिसे हलले. मग त्यांनी पेन काढलं, 'बसून' या शब्दाखाली एक बारीक रेघ मारली आणि सही केली.

"मला ती जागा दाखव," ते म्हणाले.

"नाही काका," वनरक्षक फाटकातून म्हणाली. "पिल्लं आहेत. आता तिथे कुणीच जायचं नाही. तुम्ही पण नाही."

दुपारी ताई काळा चष्मा लावून पलंगावर उशीला टेकून बसली होती. भावजी आंघोळीला गेले होते, साबण घेऊन. कवळीबाईने तिला सगळी हकीकत सांगितली. ताईला डॉक्टरांनी हसायला बंदी केली नव्हती, पण करायला हवी होती. शेवटी तिने उशी तोंडावर धरली.

मग उशी खाली घेऊन ती म्हणाली, "आडवा वाळुंज ना? दगड चपटा?"

"तुला कसं माहीत?"

ताईने आंघोळीच्या खोलीकडे कान दिला. पाण्याचा आवाज चालू होता.

"मला दोन वर्षांपूर्वी दिसलं होतं. तिथेच. त्याच कामाला गेले होते."

कवळीबाई तिच्याकडे बघतच राहिली. "आणि तू सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? शोध संपला असता. मग रविवारी हे घरी." ताईने चष्मा सरळ केला. "निवृत्तीनंतरचे पहिले चार महिने तू पाहिले नाहीस. माझे डाळीचे डबे काट्यावर ठेवून बघायचे. चमच्यांवर आक्षेप घ्यायचे. सहा वर्षं मला दर रविवारी थंडीत बसावं लागलं, पण आठवड्याचे बाकीचे दिवस हे त्या शोधाच्या तयारीत असायचे. माझ्या स्वयंपाकघरात कुणी येत नव्हतं."

"पण ताई, बिचारे दर रविवारी 'नाही' लिहीत होते."

ताईने उशीचा कोपरा सरळ केला. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "प्रत्येक वेळी मी शेजारीच उभी असायची." मग हळूच म्हणाली, "त्यांना बोटीचं कळलं तेव्हा काय म्हणाले?"

"काही नाही. काच पुसत बसले."

"मग तू सांगितलंस ते बरं केलंस." थोड्या वेळाने तिने विचारलं, "पिल्लं कशी होती? माझ्या वेळी एकटीच होती."

आंघोळीच्या खोलीतला नळ बंद झाला आणि दोघी डोळ्यांत घालायच्या थेंबांविषयी बोलू लागल्या.

त्यानंतर वनखात्याने वाळुंजाजवळ कॅमेरा लावला. तीन आठवड्यांनी चित्रं आली. आई, दोन पिल्लं, आणि एका चित्रात जांभई देताना अर्धा सुळा. मोटारबोटींची मंजुरी रद्द झाली. डावा काठ कोठडीसकट सगळ्यांना बंद झाला. भावजींनी वनरक्षकाच्या खोलीत उभं राहून ती चित्रं सलग दोन तास पाहिली आणि एकदाही दुर्बिणीला हात लावला नाही. वनखात्याच्या वार्षिक अहवालात एक ओळ आली: 'नऊ वर्षांतली पहिली नोंद, महिला निरीक्षक, बसून.' लॅबमध्ये कुणीतरी ती कापून कवळीबाईच्या टेबलासमोर चिकटवली. तिने काढली नाही.

काठ बंद झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी ताई जरा धास्तावूनच जागी झाली. स्वयंपाकघरात खुडबुड चालू होती. ती चाचपडत उठली, तर भावजी थर्मास भरत होते. अंगात जाकीट होतं, पायात बूट.

"कुठे?" तिने विचारलं. "काठ तर बंद झाला ना?"

"डावा," भावजी म्हणाले. "उजव्या काठावर आजवर कुणी नीट पाहिलेलंच नाही. अवघड आहे तो. दहाएक वर्षं सहज लागतील." ते दारात थांबले. "तुझा डोळा बरा झाला की येशील ना?"

"येईन," ताई म्हणाली. मग तिने बहिणीला फोन लावला.